पोट भरलंय म्हणतात, पण हात थांबत नाही

मृण्मयी_सातारा
नमस्कार. बऱ्याच वर्षांनी इथे लिहितेय. विषय घरचा आहे, म्हणून थोडं लांबेल.

बाबा ६३ वर्षांचे. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. आयुष्यभर जेवण ठरलेलं. सकाळी एक भाकरी, पालेभाजी, ताक. रात्री मऊ भात. गोडाचं इतकं वावडं की दिवाळीत आई त्यांच्यासाठी तिखटमिठाची शंकरपाळी वेगळी करायची. सातारकर असून कंदी पेढा अर्धा मोडून घेणारा माणूस.

दोन वर्षांपूर्वी चहातली साखर वाढली. एक चमचा, दोन, मग चार. मग डब्यातला गूळ जायला लागला. मग पेढ्यांचं अख्खं खोकं एका बैठकीत. गेल्या वर्षी चुलतबहिणीच्या लग्नात त्यांनी शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाच्या पानातली जिलबी उचलून खाल्ली. तो माणूस हसला आणि दुसरी वाढून घेतली. आई मात्र तेव्हापासून कुठल्याच कार्याला गेलेली नाही.

घरात आम्ही काय काय बोललो तेही लिहिते. "हावरट झालात." "म्हातारपणी जिभेचे चोचले." मी स्वतः त्यांच्या हातातून डबा हिसकावून घेतलाय. सख्खा भाऊ गेला तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं नाही, आणि तेराव्याला ते लाडू कुठे ठेवलेत ते विचारत होते. हे सगळं एकाच आजाराचं आहे हे आम्हाला सुचलंच नाही.

शेवटी पुण्यात न्यूरॉलॉजिस्टना दाखवलं. एमआरआय झाला. मेंदूचा पुढचा भाग आणि कानशिलांजवळचा भाग झिजलाय. आजाराचं नाव फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया. तपासताना डॉक्टरांनी विचारलं, "काका, पोट भरलंय का?" बाबा म्हणाले, "हो, गच्च भरलंय." ते म्हणत असतानाच त्यांचा हात टेबलावरच्या बिस्किटांकडे चालला होता. तो हात माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. खाणं मेंदूत नेमकं कुठे ठरतं? पोट भरल्याचं कळूनही माणूस थांबत नाही, हे कसं होतं? आणि ज्यांच्या घरात असं काही आहे ते रोजचा दिवस कसा काढतात?

केतकी_७९
मृण्मयी, वाचून गलबलून आलं. उपयोगाचं काही नाही माझ्याकडे, पण वाचतेय.

वरणफळ
आईंना आधी सांभाळ. अशा घरात सगळे आजाऱ्याकडे बघतात आणि करणारं माणूस मागे पडतं.

जुना_मास्तर
मी ३१ वर्षं वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवलं. जमेल तेवढं सोपं करून सांगतो.

मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा भाग आहे. वजन सगळं मिळून सुमारे ४ ग्रॅम. १९४० साली हेदरिंग्टन आणि रॅन्सन यांनी उंदरांच्या हायपोथॅलॅमसच्या मधल्या भागाला इजा केली, तर उंदीर खाऊन खाऊन गोल झाले. १९५१ साली येल विद्यापीठात बाल कृष्ण आनंद आणि जॉन ब्रोबेक यांनी त्याच्या बाजूच्या भागाला दोन्हीकडे बारीकशी इजा केली, तर उंदरांनी खाणंच सोडलं. समोर अन्न असताना ते उपाशी मेले. हे आनंद म्हणजे पुढे दिल्लीच्या एम्समध्ये शरीरक्रियाशास्त्राचा विभाग उभा करणारे आपले आनंद. दर वर्षी हा प्रयोग शिकवताना मी त्यांचं नाव फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहायचो. आपल्या मुलांना वाटतं सगळं तिकडच्या लोकांनीच शोधलं.

तेव्हा वाटलं की एक भुकेचं केंद्र आणि एक तृप्तीचं, बटणासारखं. आता कळतं की ते अख्खं जाळं आहे. त्यात एका प्रकारच्या चेतापेशी, नाव अ‍ॅगआरपी, भूक लावतात. प्रयोगशाळेत त्या पेटवल्या की पोट भरलेला उंदीरही काही मिनिटांत खायला धावतो, आणि पूर्ण वाढ झालेल्या उंदरातल्या मारून टाकल्या तर तो उपाशी राहतो. त्यांच्या शेजारीच पीओएमसी नावाच्या पेशी आहेत, त्या 'पुरे' म्हणतात. या दोघींना बातम्या येतात कुठून? रिकाम्या जठरातून घ्रेलिन येतं, हे जपानी शास्त्रज्ञांनी १९९९ साली शोधलं. आतड्यातून तृप्तीचे निरोप येतात, काही रक्तातून, काही पोटातून मेंदूकडे जाणाऱ्या व्हेगस नावाच्या मज्जातंतूवरून. आणि शरीरातली चरबी लेप्टिन पाठवते, म्हणजे घरात साठा किती आहे त्याचा हिशेब.

लेप्टिन १९९४ साली न्यूयॉर्कला जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेत सापडलं. तीनच वर्षांनी केंब्रिजच्या डॉक्टरांनी एकाच कुटुंबातली दोन चुलत भावंडं पाहिली. मुलगी ८ वर्षांची, वजन ८६ किलो; मुलगा २ वर्षांचा, २९ किलो. दोघांच्या शरीरात लेप्टिन बनतच नव्हतं, त्यामुळे मेंदूला वाटायचं की घरात दाणा नाही. पुढे त्या मुलीला लेप्टिनची इंजेक्शनं सुरू केली आणि तिची भूक माणसासारखी झाली. त्याआधी त्या घरात तिला आणि तिच्या आईबापांना लोक काय म्हणाले असतील ते आपल्याला सांगायला नको. (सरसकट सगळ्या लठ्ठ माणसांना हे लागू नाही. बहुतेकांत लेप्टिन भरपूर असतं, मेंदू त्याचं ऐकत नाही.)

मृण्मयी, तुझ्या बाबांचं वेगळं आहे. ते उद्या लिहितो, डोळे दुखायला लागले.

पंगत_प्रेमी
मास्तर, मग पोट फुटेस्तोवर जेवल्यावर बासुंदीसाठी जागा कुठून येते? आमच्या घरी तिला 'बासुंदीचं पोट' म्हणतात आणि ते प्रत्येकाला असतं अशी सगळ्यांची खात्री आहे.

जुना_मास्तर
ते पोट खरंच आहे, फक्त ते कपाळामागे आहे. आणि मृण्मयीच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे.

डोळ्यांच्या वर, कपाळाच्या आत मेंदूचा जो भाग येतो तो पुढच्या घासाची किंमत ठरवतो. माकडाला गोड पाणी पोटभर पाजलं की तिथल्या काही पेशी त्या गोड पाण्याला उत्तर देणं बंद करतात. लगेच वेगळा रस दिला की पुन्हा जाग्या होतात. म्हणजे एका चवीचा कंटाळा आला तरी दुसरी चव नवीच राहते. भाताची किंमत शून्यावर आलेली असते, बासुंदीची अजून शंभर असते. जिलबीबरोबर मठ्ठा देणाऱ्या आचाऱ्याला हे कुणी शिकवलं नव्हतं, पण त्याने ते ओळखलं होतं, असं माझं मत आहे. आंबट घोट गेला की जिलबी परत पहिली होते.

फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियात नेमका हाच भाग झिजतो, विशेषतः उजवीकडचा, आणि त्याच्याशी जोडलेली आतली साखळीही. काही रुग्णांसमोर खाणं ठेवून अभ्यास झालाय. पोट भरलं असं ते बरोबर सांगत होते, तरी खात राहिले. तुझ्या बाबांसारखंच. पोटाचा निरोप वरपर्यंत पोचतो. तो वाचून घासाची किंमत खाली आणणारा आणि हात आवरणारा भाग जाग्यावर नसतो. हायपोथॅलॅमसही या आजारात झिजतो, आणि ज्यांच्यात तो जास्त झिजलेला असतो त्यांचं खाणं जास्त बिघडलेलं दिसतं.

लोक म्हणतात, इच्छाशक्ती गेली. ती ज्याच्यात राहते तो भाग जातो.

मृण्मयी_सातारा
मास्तर, तुमचा प्रतिसाद आईला मोठ्याने वाचून दाखवला. शेवटची ओळ दोनदा वाचायला लावली तिने. मग उठून बाबांच्या खोलीत गेली. धन्यवाद.

नित्य_एकादशी
मृण्मयीताईंच्या वडिलांबद्दल सहानुभूती आहेच, तो आजार आहे. पण बाकी सगळ्यालाच मेंदूचं नाव देणं मला पटत नाही. मी ३० वर्षं एकादशी निर्जळी करतो. पहिली दोन वर्षं त्रास झाला, मग शरीर ऐकायला लागलं. आजच्या पिढीला ताटावर संयम नको आणि कारणं मात्र पाहिजेत. जीभ आवरता येते. संतांनी सांगितलं ते उगाच नाही.

तळलेला_पापड
काका, आमच्याकडे 'एकादशी अन् दुप्पट खाशी' आहे, साबुदाण्याची खिचडी संपेपर्यंत संयमाचा विषयच निघत नाही.

आभा२३
नित्य_एकादशी काका, तुमच्या उपवासाचा मला आदर आहे. पण संयमाबद्दल मला काही सांगायचंय, कारण माझ्याकडे तो इतका होता की त्याने मी मरायला टेकले.

दहावीच्या सुट्टीत मी थोडं कमी खायला लागले. सगळे म्हणाले, "किती छान बारीक झालीस!" मग मंगळवार धरला, मग शनिवार, मग चतुर्थी. आजी कौतुक करायची, पोरगी देवाधर्माची आहे. माझा आजार त्या उपवासांच्या मागे लपून बसला होता आणि घरात कुणाला दिसला नाही. मलाही नाही. वजनाचे आकडे मी मुद्दाम लिहीत नाहीये, कारण अशा मुली ते वाचतात आणि त्याच्याशी शर्यत लावतात. मी लावायचे.

लोकांना वाटतं अ‍ॅनोरेक्सियात, म्हणजे माझ्या या न खाण्याच्या आजारात, भूक लागत नाही. पहिलं वर्षभर मला प्रचंड लागायची. रात्री दोन-दोन तास पाककृतींचे व्हिडिओ बघायचे. सगळ्यांसाठी पुरणपोळ्या करायचे आणि स्वतः एकही खायचे नाही. पुढे भूक लागली की घाबरायला व्हायचं आणि ती मारली की डोक्यात शांत वाटायचं. ती शांतता हाच आजार होता. पाळी थांबली, हातावर बारीक लव आली, थंडी वाजायची, एक दिवस कॉलेजच्या जिन्यात पडले.

दवाखान्यात पहिले दिवस अन्न अगदी थोडं थोडं वाढवत नेलं, रोज रक्त तपासून. फार दिवस उपाशी असलेल्याला एकदम भरपूर खायला दिलं की रक्तातलं फॉस्फेट घसरतं आणि हृदय बंद पडू शकतं, हे आई-बाबांना तिथेच कळलं. घरी आल्यावर सहा महिने माझं ताट आईने वाढलं आणि ते संपेपर्यंत ती समोर बसली. मी किंचाळायचे, ती बसून राहायची. एकदा म्हणाली, "तू माझ्याशी भांडत नाहीयेस, तो आजार भांडतोय. मी त्याला जेवू घालत नाही, तुला घालते." आज मी २३ वर्षांची आहे. जेवते.

काका, कमी खाण्याला आपल्याकडे नेहमी पुण्य मानतात, म्हणून कमी खाण्याचा आजार दिसत नाही. एवढंच म्हणायचं होतं.

केतकी_७९
आभा, तुझ्या आईला माझा नमस्कार सांग.

जर्सीतला_जयंत
आभाने लिहिलेल्या पाककृतींच्या व्हिडिओंवरून आठवलं. इथे अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी अ‍ॅन्सेल कीज यांनी एक प्रयोग केला होता. युद्धात शस्त्र धरायला नकार दिलेले ३६ धडधाकट तरुण स्वखुशीने त्यात आले. उद्देश असा, की युरोपात उपासमार झालेल्यांना पुन्हा खायला कसं घालायचं ते कळावं. १९४५ साली २४ आठवडे त्यांना साधारण निम्म्या अन्नावर ठेवलं.

निरोगी मनाची ही माणसं काही महिन्यांत पाककृतींची पुस्तकं गोळा करायला लागली. ताटं चाटायची, एक जेवण दोन-दोन तास पुरवायची, चिडायची, एकटी एकटी राहायची. वाचनात, मुलींत, राजकारणात कशातच त्यांना रस उरला नाही, फक्त अन्न. पुन्हा पोटभर मिळायला लागल्यावरही कित्येकांना महिनोन्‌महिने खाऊन समाधान होईना. त्यांच्यापैकी कुणी आधी मनाने आजारी नव्हतं. उपासमारीनेच मन तसं केलं.

म्हणून आभासारख्यांना 'आधी मन ठीक कर, मग जेव' म्हणणं उलटं आहे. आधी अन्न, मग मनाचं बोलणं.

जुना_मास्तर
जयंत, बरोबर. भर घालतो. २०१९ साली अ‍ॅनोरेक्सियाच्या सुमारे १७,००० रुग्णांच्या जनुकांचा अभ्यास छापून आला. त्यात मनाच्या आजारांशी नातं सापडलं हे अपेक्षित होतं, पण शरीराच्या चयापचयाशीही सापडलं. म्हणजे काहींच्या शरीराची घडणच अशी असते की उपासमारीच्या खड्ड्यात पाय पडला की ते खोल जातात, बाकीचे भूक लागून बाहेर येतात.

नित्य_एकादशी
आभा, तुझं लिहिलेलं रात्री वाचलं आणि झोप लागली नाही. माझी नात १५ वर्षांची आहे, श्रावणात तिनेही उपवास धरायचं ठरवलंय आणि मीच तिला शाबासकी दिली होती. आज तिच्या आईशी बोललो. माझा उपवास मी सोडणार नाही, त्याने मला आनंद मिळतो. पण ३० वर्षं भूक आवरता आली याचं श्रेय मी माझ्या निष्ठेला देत होतो. ते आवरू शकणारा मेंदू मला आयता मिळाला होता, हे मान्य करतो. 'आजच्या पिढीला' वगैरे लिहिलं ते मागे घेतो.

आभा२३
काका, नातीबरोबर जेवायला बसत जा. बाकी काही बोलू नका, वजनाबद्दल तर नाहीच. आणि काळजी वाटलीच तर टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

सईची_आई
हा धागा तीन दिवस वाचतेय. लिहू की नको करत होते.

माझ्या मुलीला प्रॅडर-विली सिंड्रोम आहे. १५व्या गुणसूत्राचा वडिलांकडून येणारा एक तुकडा तिच्याकडे नाही. जन्मली तेव्हा अंगात जोरच नव्हता, दूध ओढायची नाही. नळीने पाजलं, मग वाटी-चमच्याने, एका वेळेला तासभर. तेव्हा मी रोज देवाला म्हणायचे, हिला भूक लागू दे.

चार वर्षांची झाल्यावर लागली, ती पुन्हा थांबली नाही. आता ती ११ वर्षांची आहे. हायपोथॅलॅमसकडून 'झालं' असा निरोप तिला कधी मिळतच नाही. कचऱ्याच्या डब्यातलं, कुत्र्याच्या ताटलीतलं, गोठलेलं कच्चं मटार, काहीही. या मुलांना सहसा उलटी होत नाही आणि दुखणंही कमी जाणवतं, त्यामुळे जास्त खाल्लं तर जठर फाटण्यापर्यंत वेळ येऊ शकते. त्यात शरीराला लागणारं अन्न इतर मुलांपेक्षा कमी. शाळेच्या वार्षिक दिवसाला एका बाईंनी मला ऐकवलं होतं, "मुलीला घरी काही देत नाही का हो?"

मृण्मयीताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आहे. आम्ही स्वयंपाकघराला कुलूप लावतो. पहिल्यांदा लावलं त्या दिवशी मी बाथरूममध्ये जाऊन रडले, आपल्या लेकरापासून अन्न कुलपात ठेवणारी आई. पण आठवड्याभरात सई शांत झाली. अन्न उघड्यावर असेल तर तिचं डोकं दिवसभर त्याच्याशी झुंजत असतं. मिळेल का, आत्ता जाऊ का, कुणी बघतंय का. कुलूप लागलं की ती झुंज संपते. जेवणाच्या वेळा भिंतीवर चित्र काढून लावल्यात: आठ, अकरा, एक, चार, साडेसात. काय मिळणार तेही आदल्या रात्री ठरतं. त्यात मी बदल करत नाही. पाहुणे आले तरी नाही, वाढदिवस असला तरी नाही. मिळेल की नाही ही शंकाच नको आणि जास्त मिळेल अशी आशाही नको.

मार्च २०२५ मध्ये अमेरिकेत या भुकेवरचं पहिलं औषध मान्य झालं, डायझॉक्साइड कोलीन. आमचे डॉक्टर त्यावर लक्ष ठेवून आहेत. मीपण.

वरणफळ
सईची_आई, त्या वार्षिक दिवसाच्या बाईंसारखी मीही कधीतरी कुणालातरी बोलले असेन. आता नाही बोलणार.

वऱ्हाडी_ठेचा
अवांतर. आमच्या अकोल्याकडं खूप खाणाऱ्याला 'भस्म्या झाला का बाप्पा?' म्हणतात. आयुर्वेदात भस्मक म्हणून वर्णन आहे, खाल्लेलं भस्म होतं अन् भूक तशीच. म्हणजे आपल्या जुन्या लोकांनी हा रोगच मानला होता. शिवी आपण केली त्याची.

पंगत_प्रेमी
अवांतर नाही हे, मुद्द्याचं आहे. भस्म्या म्हटलं की रोग, हावरा म्हटलं की स्वभाव. शब्द बदलला की माणसाकडे बघणं बदलतं.

गोव्याची_सून
मग माझंही विचारून घेते. दुसऱ्या बाळाच्या वेळी मला पाटीवरच्या पेन्सिली खाव्याशा वाटायच्या. दिवसाला चार-पाच. सासूबाई म्हणाल्या डोहाळे आहेत. हे पण मेंदूचंच?

डॉ_मैत्रेयी
स्त्रीरोगतज्ज्ञ आहे म्हणून उत्तर देते. माती, पेन्सिल, खडू, राख, कच्चे तांदूळ, बर्फ, यापैकी काही खावंसं वाटणाऱ्या बाईंचं मी आधी हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) बघते. याला पायका म्हणतात आणि लोहाच्या कमतरतेशी त्याचं घट्ट नातं आहे. लोह भरून काढलं की पुष्कळ जणींची ओढ काही दिवसांतच जाते. लोह मेंदूलाही लागतं. डोहाळे म्हणून हसून सोडू नका, मातीतून जंत आणि शिसं पोटात जातं.

गोव्याची_सून
माझं हिमोग्लोबिन तेव्हा ७ होतं! कुणी जोडलंच नाही दोन्ही.

शुभदा_पी
माझा पाच वर्षांचा मुलगा काहीच खात नाही. शेजारणीने भुकेचं सिरप सांगितलंय. देऊ का?

डॉ_मैत्रेयी
मनाने देऊ नका. अशा बऱ्याच सिरपांत सायप्रोहेप्टाडीन असतं. ते मुळात अ‍ॅलर्जीचं औषध आहे, मेंदूतल्या सिरोटोनिन आणि हिस्टामिनच्या जागा अडवतं म्हणून भूक वाढते आणि पोरं पेंगतात. वजन-उंचीचा तक्ता घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे जा. तक्ता ठीक असेल तर बहुतेक वेळा काही करावं लागत नाही.

हिंजवडी_रात्रपाळी
औषधांचा विषय निघालाय म्हणून. माझ्या वडिलांना पार्किन्सन्स आहे. एक गोळी सुरू केल्यावर पाच-सहा महिन्यांत रात्री दोनला उठून लाडू खायला लागले. त्याच सुमारास लॉटरीची तिकिटंही घ्यायला लागले, आयुष्यात कधी पत्ते न खेळलेला माणूस. आम्ही दोन्ही वेगळं समजत होतो. डॉक्टरांना सांगितल्यावर ते लगेच म्हणाले, प्रॅमिपेक्सोलचा परिणाम. ती गोळी डोपामिनसारखं काम करते, आणि डोपामिन म्हणजे 'पाहिजे, पाहिजे' म्हणणारं रसायन. डॉक्टरांनी हळूहळू कमी केली आणि दोन्ही थांबलं. मनाने बंद करू नका कुणी, एकदम सोडली तर त्रास होतो. पण मृण्मयीताई, बाबांच्या सगळ्या गोळ्यांची यादी एकदा दाखवून घ्या.

जुना_मास्तर
फार महत्त्वाचं लिहिलंत. डोपामिन बनवूच न शकणारे उंदीर प्रयोगशाळेत तयार केले गेले. ते तोंडात घातलेलं गिळतात, पण अन्नापर्यंत चालत जात नाहीत आणि काही आठवड्यांत मरतात. अन्न आवडणं वेगळं आणि अन्नाची ओढ वेगळी.

नागपूरची_निमा
आमच्या आजीचं सांगते. ती शेजाऱ्यांना सांगायची, "सून मला जेवायला देत नाही." जेवून दहा मिनिटं झालेली असायची. आई अपमानाने काळी पडायची. अल्झायमरचं निदान नंतर झालं. आजी खोटं बोलत नव्हती, तिला जेवल्याचं आठवत नव्हतं.

जर्सीतला_जयंत
निमा, यावर फार बोलकी निरीक्षणं आहेत. हेन्री मोलेसन नावाच्या माणसाची १९५३ साली अपस्माराची शस्त्रक्रिया झाली आणि नवी आठवण साठवण्याची ताकद गेली. जेवण झाल्यावर मिनिटभरात दुसरं ताट ठेवलं तर तो तेही खायचा. पुढे १९९८ साली अशाच आणखी दोन रुग्णांत तेच दिसलं. 'मी आत्ताच जेवलो' ही आठवणसुद्धा पोट भरल्यासारखीच काम करते. टीव्ही बघत जेवणारा नंतर जास्त खातो त्याचं एक कारण हेच.

नागपूरची_निमा
आम्ही शेवटी एक केलं. जेवल्यावर आजीचं ताट लगेच उचलायचं नाही, खरकटं ताट समोर राहू द्यायचं. ते बघून तिला पटायचं. नेहमी नाही, पण पुष्कळदा.

सदाफुली
मी सेमाग्लुटाइडचं इंजेक्शन घेते, मधुमेहासाठी, डॉक्टरांच्या देखरेखीत. वजन उतरलं ते बाजूला ठेवा. मला सांगायचंय ते वेगळं. चाळीस वर्षं माझ्या डोक्यात खाण्याची कुजबुज चालू असायची. फडताळात काय आहे, पुढचं काय, आत्ता थोडं घेऊ का. मला वाटायचं सगळ्यांच्याच डोक्यात असते आणि बाकीचे माझ्यापेक्षा खंबीर आहेत. तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी लक्षात आलं की ती थांबलीय. मी गॅलरीत बसून रडले. म्हणजे बाकीचे लोक अशा शांततेत जगत होते?

जुना_मास्तर
ही औषधं आतड्यातल्या जीएलपी-१ या निरोपाची नक्कल करतात आणि मेंदूवरही काम करतात, म्हणून कुजबुज थांबते. या घराण्यातलं पहिलं औषध २००५ साली मान्य झालं, ते गिला मॉन्स्टर नावाच्या सरड्याच्या लाळेतल्या द्रव्यावरून सुचलं होतं. वर्षातून मोजक्या वेळा खाणारा प्राणी.

मृण्मयी_सातारा
(तीन आठवड्यांनी)
सगळे प्रतिसाद छापून आईच्या उशाशी ठेवलेत. काय केलं ते लिहिते.

गोळ्यांची यादी दाखवली, तिथे काही दोष निघाला नाही. सदाफुलीताईंचं वाचून इंजेक्शनचंही विचारलं. डॉक्टर म्हणाले, यांच्यासाठी नको, या वयात स्नायू उतरतील आणि बिघाड मुळात दुसरीकडे आहे. आजार बरा होणार नाही हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. काही गोळ्यांनी वागण्यातली तीव्रता थोडी कमी होते, ती एक सुरू केलीय.

सईच्या आईचं ऐकून फडताळाला कडी बसवली, पण वरच्या टोकाला. बाबा डोळ्यांच्या उंचीवर शोधतात, वर बघत नाहीत. मोठे डबे बंद केले. दिवसाचं सगळं पाच छोट्या डब्यांत, प्रत्येकात काहीतरी गोड पण थोडं: खजुराचा तुकडा, अर्धा पेढा. जेवताना बाकीची भांडी टेबलावर ठेवतच नाही, दिसलं नाही तर मागत नाहीत. पेढेवाल्यांना जाऊन सगळं सांगितलं. ते बाबांचे विद्यार्थी निघाले. म्हणाले, "सर आले की मी एकच देईन आणि घरापर्यंत सोडायला येईन." फिरायला जायचा रस्ताही बदलला.

तरी परवा त्यांनी देवापुढची साखर खाल्ली, आणि काल आईवर हात उगारला. सगळं सुरळीत झालंय असं नाही. पण 'हावरट' हा शब्द आमच्या घरातून गेला. आणि आई रविवारी बारशाला जाऊन आली. बाबांना घेऊन. त्यांच्या दोन्ही बाजूंना आम्ही दोघी बसलो होतो.

सईची_आई
वरच्या टोकाला कडी! सई अजून लहान आहे, पण हे लक्षात ठेवते. बारशाचं वाचून फार बरं वाटलं.

कोल्हापुरी_साज
मृण्मयीताई, आजच सभासद झाले. माझी आई ५९ वर्षांची आहे. सहा महिने झाले, ताटात पडेल ते दोन मिनिटांत संपवते, घास न चावता, आणि रोज त्याच हॉटेलातली तीच मिसळ पाहिजे म्हणते. भाऊ म्हणतो नाटक आहे. पुढच्या आठवड्यात डॉक्टरांची वेळ मिळालीय. जाताना काय घेऊन जाऊ?

मृण्मयी_सातारा
घास न चावता आणि घाईने खातात हे डॉक्टरांना पहिल्यांदा सांगा, घशात अडकायची भीती असते. तोपर्यंत जेवताना शेजारी बसा, एका वेळी थोडंच वाढा.

आणि एक वही घ्या. रोज काय, किती वाजता, कसं खाल्लं ते लिहा. जेवण सोडून जे बदललंय तेही: बोलणं, पैसे, रडणं-हसणं. भावालाही लिहायला सांगा, लिहिता लिहिता त्याला दिसेल. पण पहिल्या पानावर त्या आधी कशा जेवायच्या ते लिहा. काय आवडायचं, काय टाकून द्यायच्या, कुणाला आधी वाढायच्या. आमच्या डॉक्टरांनी सगळ्यात जास्त वेळ तेच पान वाचलं.